आत्याची मधाची अंगठी

काल माझ्या लेकीला मुलगी झाली! दवाखान्यात न्यायला मधाची बाटली उघडली आणि त्या वासाने मी थेट तारनाक्याच्या जुन्या घरात पोचले.

तेव्हा लेक चार दिवसांची होती. नांदेडहून धावत आलेली आत्या सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या ओठांशी नेणार, तोच शेजारची नर्स लक्ष्मी ओरडली, "वद्दु, आत्या! नको! मधात जंतू असू शकतात. तान्ह्याच्या पोटात ते विष करतात, बाळ लुळं पडतं. वर्षाचं होईपर्यंत मध नाहीच."

आत्याचा चेहरा उतरला. मला लक्ष्मीचाच राग आला. मग आत्या म्हणाली, "आईला तर चालतं ना?" आणि अंगठी माझ्या तोंडात!

आज आत्याने मला देऊन ठेवलेली तीच अंगठी मधात बुडवून मी लेकीसमोर उभी राहिले. "चल, आ कर!"