बोडीची म्हैस, माजरीची वगार

भाऊ, आम्ही सावली गाव सोडलं तेव्हा तू धान कापायला गेला होतास. नवऱ्याला माजरीच्या कोळसा खाणीत काम लागलं होतं. बैलबंडीच्या मागे चांदणी म्हैस बांधलेली. तिच्या पाठीवर हात फिरवत बाबा म्हणाले, "नेऊन राह्यली त नेय बाई, पर तिले तिथी बोडी कुठून देशील?"

मला हसू आलं. डुंबण्यापुरतं पाणी कुठं नसतं!

माजरीत विहिरीवर रांग असायची. गावच्या बोडीत दुपारभर नाकापर्यंत बुडून राहणारी चांदणी इथे पहिल्याच उन्हाळ्यात अंगभर भेगाळली, धापा टाकू लागली. दूध आटलं. शेजारणीच्या शेळ्या त्याच उन्हात बाभळीच्या शेंगा खात मजेत हिंडायच्या. मला त्यांचा रागच यायचा.

"हे जनावर इथलं नाई," नवरा म्हणाला. "रविवारी कसाई येऊन राह्यला."

रविवारी पहाटेच मी तिला खाणीकडे नेलं. तिथे खाणीतलं पाणी उपसून एका खड्ड्यात सोडत. तिनं ते काळं पाणी हुंगलं आणि पाय रोवले. मग मीच लुगडं खोचून कमरेइतकी आत गेले. "ये व माय, ये!" ऊन चढलं तेव्हा कुठं ती उतरली. दुपारपर्यंत आम्ही तिथंच होतो. कसाई वाट पाहून निघून गेला.

रोज नेऊ लागले. निम्मं दूध परतलं. दुसऱ्या वर्षी चांदणीला वगार झाली. ती मात्र पाण्यात उतरायची नाही, काठावर उन्हात कडबा चघळत उभी राहायची.

तीन वर्षांनी चांदणी गेली. निदान लेक तरी बोडीवर नांदो, म्हणून मी वगारीला सावलीला आणलं. बोडी पाहून ती थरथरली, दोर तोडून पळाली. धानाच्या तणसाला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "ही आपली नाई राह्यली व. काऊन तरास देऊन राह्यली तिले? घेऊन जाय."

ते मलाच लागलं. कारण खाणीच्या भोंग्याशिवाय मलाही दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नव्हता. महिनाभर राहायला आलेली मी चौथ्या दिवशी निघाले. तू रागावलास, अजून बोलत नाहीस, म्हणून हे लिहिते.

भांदक मागे पडलं, कोळशाचा धूर आला आणि वगार धावत सुटली. तिच्या मागे मीही. दारात पोचताच ती बसली, निवांत रवंथ करू लागली. मी उभीच होते, पुन्हा सावलीला कधी जाता येईल याचे महिने मोजत. भाऊ, जनावर एका जागचं होऊन जातं. माझं तेवढं झालं नाही.