कुलूप लावलेली घरं

डिझाइनच्या मॅडमचे उपकार आधी सांगते, राग मागून. त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या, तर मी रबाळ्याचं काम सोडून गावाकडची गाडी धरली असती.

आमच्या वर्कशॉपात लांबच्या वाड्यावस्त्यांना ऊन आणि वाऱ्यावर वीज देणाऱ्या पेट्या बनतात. दिवसा सोलर, वारा सुटला की पवनचक्की, दोन्ही नसेल तेव्हा बॅटरी. मी त्या पेट्यांच्या वायरी जोडते. एकदा जोडलेली पेटी तपासून घ्यायला ऑफिसात नेली, तर टेबलावर आमच्याकडच्या डोंगरातल्या एका वस्तीचा नकाशा. निम्म्या घरांवर फुल्या.

"ही घरं पडली का?" मी मॅडमना विचारलं.

मॅडमच्या आधी त्यांचे साहेबच बोलले. "रिकामी आहेत. सर्व्हेला गेलो तर सगळी कुलपं! तिकडची वायर वाचली, बॅटरी लहान झाली, म्हणून तर सिस्टीम स्वस्तात बसली."

"कधी गेला होतात?"

"दिवाळी झाल्यावर. का, तुझं लग्न ठरलंय तिथं?"

माझं डोकंच फिरलं. दिवाळी झाल्यावर आमच्या भागात घरी राहतं कोण? म्हातारी माणसं आणि कुत्री. बाकी सगळी ऊसतोडीला. आईबापामागं फडात जाता जाता सातवीत माझी शाळा सुटली, आमच्याही दाराला कुलूपच असायचं. कोणीही कागद घेऊन यायचं, कुलूप बघायचं आणि पुढं जायचं. एकानंही शेजारी विचारलं नाही, की ही माणसं गेली कुठं. आणि आता इथं, एसीत बसून, तेच!

"मेली नाहीत ती माणसं, साहेब! ऊस तोडायला गेलीत!"

बोलून गेले आणि पेटी उचलून दाराकडं सरकले. काम गेलं तर घणसोलीची खोली सुटणार, आईला काय सांगणार?

"आता वायरवाल्या आम्हाला डिझाइन शिकवणार," साहेब म्हणाले. "खाली जा."

"थांब गं," मॅडम म्हणाल्या. "सर, सर्व्हेला मीपण होते. कुलूप बघून विचारलं नाही, चुकलंच. या नकाशावर मी सही करणार नाही."

"आणि क्लायंटला काय सांगू?"

"गुढीपाडव्यानंतर माणसं परतली की पुन्हा मोजू म्हणून सांगा."

मोजलं. फुल्यांच्या प्रत्येक घरात चूल पेटलेली होती. सोलरच्या पाट्या काही वाढल्या नाहीत, पण वायर प्रत्येक दारापर्यंत गेली. आधी ठरलं होतं त्यापेक्षा दिवे कमी वेळ जळतील, पण सगळ्यांकडे जळतील.

आणि मॅडमना त्या कामावरून काढलं. आता त्या नेरूळच्या सोसायट्यांच्या गच्च्या मोजतात. चूक कबूल केली त्यांना शिक्षा, कुलपांवर हसले ते साहेब तिथंच. याचा राग मला अजून गिळता येत नाही. मॅडम भेटल्या की उलट मलाच म्हणतात, "टेन्शन नको घेऊस."

मॅडम, टेन्शन तर मी घेणारच, स्वभावच तसा. पण तुमच्यावर कोणी आवाज चढवला, तर काम जायची कितीही भीती वाटू दे, मी तुमच्या बाजूला उभी राहीन. हे उपकार मी एक दिवस फेडणार.