भरल्या गाडीचं माप

त्यांना सगळे मिलीमीटर म्हणत. चाकांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला याहून वाईट नावं पडू शकली असती, म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही. कंपनीची चाकं काढून गाडीला नवी, रुंद, चकचकीत चाकं लावायची हौस असणाऱ्यांना हा माणूस म्हणजे डोकेदुखी होती. गिऱ्हाईक रंग बघे, डिझाइन बघे. मिलीमीटर दोन आकडे बघत. एक रिमची रुंदी. दुसरा ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला जिथे आवळतात ती जागा चाकाच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते. हा आकडा मोठा असला की चाक गाडीच्या पोटात शिरतं, लहान असला की मडगार्डबाहेर डोकावतं. आत फार शिरलं तर सस्पेन्शनला घासणार, बाहेर फार आलं तर मडगार्डला. या दोन आकड्यांवरून माणसाची अक्कल कळते, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत.

त्यांचा एक नियम होता. रिकाम्या गाडीवर पास झालेलं चाक ते पास धरत नसत. रिकामी गाडी सगळ्यांशी गोड बोलते, म्हणत. चाकं बसली की ते दुकानाबाहेर येऊन नुसता हात वर करत. मग शेजारचा शिंपी, समोरचा औषधवाला आणि छापखान्याचे जाडजूड मालक हातातलं काम टाकून येत आणि मागच्या सीटवर दाटीवाटीने बसत. याला गल्लीत 'वजन बसवणं' म्हणत. गाडी टोकाच्या स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारून आली की मिलीमीटर मडगार्डच्या आत हात घालून घासल्याची खूण शोधत. छापखानेवाल्यांना या कामाचा एवढा अभिमान होता की वजन कमी करा हे डॉक्टरांचं सांगणं त्यांनी कधीच मनावर घेतलं नाही. गाडी कुणाचीही असो, त्या तिघांना मागे बसवल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

घरी मात्र या माणसाने तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि त्याला कारण होतं. मुलीचं लग्न झाल्यावर जावयाने नवा फ्लॅट घेतला. सगळे बघायला गेले. बाकीचे बाल्कनीतल्या हवेचं कौतुक करत होते, तेव्हा मिलीमीटर खिशातली टेप काढून दाराची चौकट मोजत होते. चौकट तिरकी निघाली. ती त्यांनी विहीणबाईंना बोलावून दाखवली, वर बिल्डरने तुम्हाला बनवलं असंही सांगितलं. विहीणबाईंचा चेहरा असा उतरला की पुढे चहासुद्धा कुणी धड प्यायलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मुलगी माहेरी आली नाही. बायकोने त्यांना बजावलं, की आता जावयाच्या कुठल्याही वस्तूला नाव ठेवाल तर माझ्याशी गाठ आहे. मिलीमीटरनी कानाला खडा लावला. पोर महिन्यातून एकदा तरी दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि एका शनिवारी सकाळी तोच जावई आपली नवी गाडी घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला. गाडी वापरलेली होती, पण काय गाडी! लांबलचक, काळीभोर, दार लावलं तर आवाजसुद्धा हळूच येणारी. डिकीत आणि मागच्या सीटवर टायरसकट चार अलॉय व्हील. ऑनलाइन मागवली, बाबा, फक्त बसवून द्या, असं तो म्हणाला. उद्या सकाळी आईवडिलांना आणि बायकोला घेऊन तो डोंगरातल्या रस्त्याने मावशीकडे निघणार होता.

मिलीमीटरनी रिम उलटी केली आणि मागचे आकडे वाचले. कंपनीचं चाक आठ इंची, हे साडेनऊ. ऑफसेट तीसवरून बावीसवर आलेला. म्हणजे चाक दोन्हीकडून फुगलं होतं आणि वर बाहेरही सरकलं होतं. मनातल्या मनात हिशेब झाला. सत्तावीस मिलीमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं बाहेर. नाकापेक्षा मोती जड, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. जावई उत्साहाने त्यांच्याकडे बघत होता, लहान मुलं चित्र दाखवून बघतात तसा.

"छान आहेत," मिलीमीटर म्हणाले.

चाकं बसली. जॅक उतरवला, तर गाडी खरोखर राजासारखी दिसत होती. टायर मडगार्डच्या काठाशी जेमतेम जागा ठेवून उभा होता. शिंपी, औषधवाला आणि छापखानेवाले सवयीने बाहेर येऊन उभे राहिले. मिलीमीटरनी हात वर केला नाही. उलट मान हलवून त्यांना परत पाठवलं. वजन बसवलं असतं तर घासलं असतं, घासलं असतं तर सांगावं लागलं असतं. जावई आभार मानून गेला. छापखानेवाले बराच वेळ आपल्या दारात उभे होते, काहीतरी चुकलंय असा चेहरा करून.

दुपारी जेवायला बसले तेव्हा ताटातली भाकरी नुसती चिवडत राहिले. डोंगरातला वळणांचा रस्ता, गाडीत चार माणसं, डिकीत सामान, आणि प्रत्येक खड्ड्याला मडगार्डची धार टायरवर. त्या चौघांतली एक त्यांची पोर. बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बायको भडकली. "नावं ठेवू नका म्हटलं होतं मी. पोरीला तशा गाडीत बसवा असं म्हटलं होतं का? उठा आधी."

मिलीमीटरनी जावयाला फोन लावला. वाजत राहिला. मुलीला लावला, तोही वाजत राहिला. आजच निघाले की काय, हा विचार आला आणि त्यांनी चपलांत पाय घातले. स्कूटर काढून ते जे निघाले ते सरळ जावयाच्या इमारतीसमोर थांबले. वाटेत दोन सिग्नल लागले, आणि त्या दोन्ही सिग्नलना त्यांनी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

पार्किंगमध्ये काळी गाडी उभी दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग नीट बघितलं तर मागच्या सीटवर व्याही आणि विहीणबाई बसलेले, डिकी उघडी, डिकीत बॅगा आणि पाण्याचे दोन भरलेले कॅन. जावई मागच्या चाकापाशी गुडघे टेकून मोबाईलच्या उजेडात आत बघत होता. सगळे या तपासणीत गुंतले होते, म्हणून फोन कुणी उचलला नव्हता. मुलगी बाजूला हाताची घडी घालून उभी होती.

"आलात का," ती म्हणाली. "मी यांना एवढंच विचारलं, की बाबांनी गाडीत कुणाला बसवलं. म्हणाले, कुणालाच नाही. तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय."

कॉलनीतून एक चक्कर मारून झाली होती आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून खर्र असा आवाज आला होता. टायरच्या खांद्यावर रबर सोललेली एक रेघ उमटली होती. मिलीमीटरनी तिच्यावरून बोट फिरवलं.

जावई उठून उभा राहिला. तापट नव्हता तो, पण त्या दिवशी चेहरा लाल झाला होता.

"बाबा, तुम्ही सगळ्यांच्या गाडीत माणसं बसवता. माझ्याच का नाही बसवलीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट आत्ता वाटलं. साधं गिऱ्हाईक म्हणून आलो असतो तर तोंडावर सांगितलं असतंत, की गाढवा, ही चाकं परत कर. जावई झालो म्हणून मी परका झालो का?"

मिलीमीटर पार्किंगच्या कठड्यावर बसले. त्या फ्लॅटच्या प्रकारापासून ज्या माणसापुढे ते जपून जपून बोलत होते, तो माणूस इतके दिवस त्यांच्या बोलण्याचीच वाट बघत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग मात्र त्यांचं तोंड सुटलं. "गाढवपणाच केलायस," ते म्हणाले, आणि अरे-तुरे केल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "एवढी भारी गाडी घेतलीस, आणि चाकं फोटो बघून घेतोस? अरे, रुंदी दीड इंच वाढवलीस आणि वरून ऑफसेट कमी केलास. दोन्ही चुका एकाच दिशेला. साडेआठची रिम घे, ऑफसेट बत्तीसच्या आसपास. चाक चार मिलीमीटर बाहेर येईल. दिसायला भरदार दिसेल आणि माणसं भरली तरी घासणार नाही. उद्या जुन्याच चाकांवर जा. आणि हा रंग कुणी निवडला?"

"मीच," जावई म्हणाला.

"भयंकर आहे."

जावई हसायला लागला. मागच्या खिडकीतून विहीणबाईंनी हात बाहेर काढून विचारलं, की आम्ही आता उतरलो तर चालेल का, अर्धा तास झाला वजन म्हणून बसलोय. मुलीने दार उघडून दिलं.

जुनी चाकं घरात बाल्कनीत होती. सासरा आणि जावई दोघांनी मिळून ती खाली आणली, गाडी जॅकवर घेतली आणि चारही चाकं बदलली. मिलीमीटर सबंध वेळ ओरडत होते. बोल्ट असा नाही आवळायचा, समोरासमोरचे आवळ, हात काय मोडलाय का. जावई प्रत्येक वेळी हो म्हणत होता आणि पुढच्याच बोल्टला पुन्हा तीच चूक करत होता, आणि मुलगी वरून बघत होती.

संध्याकाळी घरी पोचल्यावर बायकोने दारातच विचारलं, काय झालं. मिलीमीटरनी चपला काढल्या, पंख्याखाली बसले आणि सांगितलं, की आज जावयाने आपल्याला चांगलं खडसावलं, आपणही त्याला गाढव म्हटलं, आणि पोर पुढच्या आठवड्यात राहायला येतेय.