मांड मांड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, सबनीसला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते नेमकं त्यालाच. तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस बाबा? कुणाचा जीव घेतलास? छे हो! एक वापरलेली मोटार विकत घेतली गेली आणि त्या व्यवहारात मी मध्ये होतो. ऐकायला किती साधं, नाही? म्हणूनच तर चीड येते. मोठं पाप असतं तर निदान सांगताना जीभ तरी भारी झाली असती.

तेव्हा मी सिल्वासाला कचेरीत कारकून होतो. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती आणि कारभारासाठी मुंबईकडून, कोकणातून आम्हा मंडळींची भरती झाली होती — कारकून, मास्तर, ओव्हरसियर. मी पेणचा. बाजारात गुजराती, कचेरीत मोडकंतोडकं हिंदी, आणि घरी आपली मराठी. बाकीचे बाजारात गेले की हातवारे करत. मी मात्र पहिल्याच महिन्यात ‘केम छो’, ‘शुं भाव’, ‘ओछुं करो ने’ एवढं शिकलो, आणि जाहीर करून टाकलं की आपल्याला गुजराती येतं.

येत होतं का? भाजीपुरतं येत होतं. पुढचं सगळं अंदाजपंचे! समोरचा बोलला की मान डोलवायची. दोन शब्द कळले की बाकीचे पदरचे घालायचे. दोन्ही भाषांत निम्मे शब्द सारखे, त्यामुळे बहुतेक वेळा ते खपून जायचं. मग काय — कुणाला घर भाड्याने हवं, कुणाला दूधवाल्याशी भांडायचंय, की चला नानाला घेऊन. नाना म्हणजे मी. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

सबनीस बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. रत्नागिरीकडचा, सरळ, कमी बोलणारा. त्याच्याकडे लढाईच्या आधीची एक खटारा मोटार होती. वहिनींचे वडील नाशिकला अंथरुणाला खिळलेले, आणि वहिनी त्यांची एकुलती एक. महिन्यातून एकदा तरी घाट चढून जाणं भाग होतं. ती जुनी गाडी दर खेपेला घाटात उकळायची. नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं तर नंबर लागेपर्यंत म्हातारा राहतोय की नाही, अशी स्थिती. तेव्हा त्याने ठरवलं, त्यातल्या त्यात नवी, चार-पाच वर्षं वापरलेली घ्यायची. आणि मला म्हणाला, “गाडी मी बघतो. बोलणं तू कर.”

दमणला एक पाहिली. सबनीसने दाराखाली बोट घातलं तर पत्र्याचा पापुद्रा हातात आला — खारी हवा. वलसाडला एक पाहिली, तिचा रंग नवाकोरा आणि टायर गुळगुळीत. तिसरी नरोलीच्या रस्त्यावर, लाकडाच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत. चार वर्षांची, करड्या रंगाची, पहिल्यापासून एकाच माणसाच्या हाताखाली. तो माणूस म्हणजे शेठचा ड्रायव्हर, छगनभाई. पन्नाशीचा असेल. सडपातळ, खाकी सदरा. गाडी विकायची म्हणून सकाळपासून पुसत होता.

सबनीसने सगळं पाहिलं. तेल पाहिलं, धूर पाहिला, क्लच दाबून पाहिला, कान लावून इंजिन ऐकलं. नदीपर्यंत चालवून आणली. पण तो रस्ता कसा, तळहातासारखा सपाट! चढावर नेऊन बघू, असं तो म्हणाला होता. मीच म्हटलं, फार चिकित्सा केली की शेठ भाव चढवेल. असलं शहाणपण माझ्याकडे भरपूर होतं. मग मी शेठशी गुजरातीत घासाघीस केली. शेठला हिंदी चांगलं येत होतं, तरीही गुजरातीतच. भाव उतरला. सबनीस माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

शेठ कागद आणायला आत गेला. तेवढ्यात छगनभाई गाडीची काच पुसत पुसत माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, चढाण पर मांड मांड चढे छे, हों.”

चढाण कळलं. चढे छे कळलं. मांड? — आता मांड म्हणजे काय, हे त्याला विचारायचं? सबनीससमोर? सबनीसने विचारलं, “काय म्हणतोय?” आणि मी त्याच्या कानाशी लागून एका क्षणात सांगून मोकळा झालो — “चढावर मांड ठोकून चढते म्हणतोय. घोड्यावर बसल्यासारखी.” सबनीसचा चेहरा असा खुलला! त्याला घाटाचीच तर काळजी होती. त्याने छगनभाईच्या खांद्यावर हात ठेवला. छगनभाई जरा गोंधळून बघत राहिला. लगेच इसार देऊन आम्ही निघालो. बाकीची रक्कम सोमवारी द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शेजारच्या कांताबेन ओट्यावर स्टव्हशी झटापट करत बसल्या होत्या. पिन मारली, पंप मारला, तरी ज्योत आपली विझू की पेटू. मला बघून वैतागून म्हणाल्या, “जुओ ने भाई, मांड मांड सळगे छे!”

मी ओट्यापाशी थांबलो. विचारलं, मांड म्हणजे? कांताबेन हसायलाच लागल्या. मांड म्हणजे जेमतेम, कसंबसं, एटलुं पण नथी आवडतुं, भाई — एवढंही येत नाही?

कळलं ना तुम्हाला? मालकाची गाडी विकली जात होती आणि त्याचाच नोकर गिऱ्हाइकाला सांगत होता, की ही घेऊ नका, चढावर हिचा जीव जातो. शेठच्या कानावर गेलं असतं तर त्याच्या पोटावर पाय आला असता. तरीही बोलला. आणि मी त्याचं काय केलं!

सोमवार अजून उजाडायचा होता. इसार बुडला असता, तेवढंच. मी चपला घालून सबनीसकडे गेलोसुद्धा. वहिनींनी शिरा केला होता, गाडी ठरली म्हणून. वडिलांना पत्र टाकलंय म्हणाल्या, आता दर पंधरा दिवसांनी येईन म्हणून. सबनीस त्यांना म्हणाला, “आपला नाना होता म्हणून. गुजराती कसं पाण्यासारखं बोलतो.” मी शिरा खाल्ला. आणखी वाढू का म्हणाल्या, तर तोही खाल्ला. आणि घरी आलो. का नाही बोललो? ‘मला ती भाषा येत नाही,’ एवढं एक वाक्य! आजही आठवलं की कपाळावर हात मारावासा वाटतो.

पण थांबा. एवढंच असतं तर मी भित्रा ठरलो असतो, बस. त्यापेक्षा वाईट पुढे आहे.

गाडी पहिल्याच खेपेला घाटात बसली. वहिनी, दोन मुली, ट्रंका — सगळ्यांनी उतरून ढकलायचं. अर्ध्या वाटेवरून परत आले. मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिलं आणि मानच हलवली. सबनीस सहसा चिडत नसे, पण त्या दिवशी चिडला. माझ्यावर? नाही हो! माझ्यावर चिडला असता तर किती बरं झालं असतं. तो म्हणाला, “मशीन आहे, बिघडतं. पण तो ड्रायव्हर आपल्या तोंडावर खोटं बोलला, नाना. घाटाचं त्याने आपणहून सांगितलं. चल वखारीत.”

मी गेलो. सबनीस शेठला हिंदीत सगळं बोलला — तुमच्या माणसाने सांगितलं, चढावर गाडी उत्तम चढते, त्या भरवशावर आम्ही घेतली. शेठने छगनभाईला हाक मारली. तो हात पुसत आला. त्याने ऐकलं आणि त्याला काही समजेचना. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, “आ साहेबने पूछो. में कीधुं हतुं.” या साहेबांना विचारा, मी सांगितलं होतं.

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. छगनभाईच्या तोंडावर काळजी नव्हती, हे मला नीट आठवतं. साक्षीदार हजर आहे म्हटल्यावर माणूस जसा निर्धास्त असतो तसा तो उभा होता. आणि मी म्हटलं — हिंदीत म्हटलं, म्हणजे सबनीसलाही कळावं — “नहीं. इसने बोला, गाडी बहुत अच्छी चढती है.”

झालं. बोललो. बरं, गैरसमज झाला असेल, असं तरी म्हणायचं होतं! तेवढी फट तरी ठेवायची होती! पण नाही, मी चांगला ठासून बोललो.

शेठला हेच हवं होतं. गाडीत खोट आहे हे कबूल करण्यापेक्षा नोकर लबाड आहे हे कबूल करणं त्याला सोयीचं होतं. त्याने आमच्यासमोर छगनभाईला नाही नाही ते सुनावलं, किल्ल्या काढून घेतल्या आणि जा म्हणाला. गाडी परत घेतो, थोडे कापून बाकीचे देतो, असं सबनीसला सांगितलं. सबनीसचं समाधान झालं. कोपऱ्यात छगनभाईचा डबा होता, तो त्याने उचलला आणि चालू लागला. चार वर्षं त्याने ती गाडी सांभाळली होती आणि त्याच गाडीपायी लबाड ठरला. लबाड कोण होतं?

परतीच्या वाटेवर सबनीस म्हणाला, “तू होतास म्हणून सुटलो.” मला ओरडावंसं वाटलं. नाही ओरडलो. पुढे त्याने दुसरी गाडी घेतली, चांगली लागली. म्हाताऱ्याच्या अखेरच्या दिवसांत वहिनी त्याच्याजवळ होत्या. त्या घरचं सगळं ठीक झालं.

वर्षभराने कचेरीत सरकारी जीपवर ड्रायव्हरची जागा निघाली. अर्ज माझ्या टेबलावर येत. एक दिवस समोर छगनभाई. सदरा तोच, अंगात ढगळ झालेला. जवळ वाकून तो गुजरातीत बोलू लागला. मी वर न बघता म्हटलं, “मला गुजराती येत नाही.”

बघा कसा माणूस! ही खरी गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि ती त्याला टाळण्यासाठी.

तर तो मराठीत बोलला. तलासरीकडची, गावठी, पण स्वच्छ मराठी. त्याची आई तिकडची होती, हे मग कळलं. म्हणजे त्या दिवशी वखारीत मी गुजरातीचा तोरा मिरवत नसतो, तर त्याने ते मराठीतच सांगितलं असतं, आणि सबनीसने स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. तो म्हणाला, “साहेब, शेठ दाखला देत नाय. तुम्ही तवा उभे व्हते. मी खोटं बोललो नाय, येवढंच दोन वळी लिवून द्या.”

मी अर्ज उलटा केला. लाल शाईने लिहिलं, ‘मागील मालकाचा वर्तणुकीचा दाखला जोडलेला नाही. परत.’ खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी घातली, आणि “बरं साहेब” म्हणून गेला.