पाया खणला आणि काय काय निघालं!

बांधकामाच्या धंद्यात माणूस म्हातारा झाला की गुडघे कुरकुरायला लागतात आणि किस्से वाढतात. गुडघ्यांवर औषध आहे, किस्स्यांवर नाही! त्यात आमचं नाशिक. इथे कुठेही पहार मारा, खाली आधी कुणीतरी राहून गेलेलं असतंच.

सत्तरच्या दशकात मी डिप्लोमा करून भाऊसाहेबांकडे साइटवर लागलो. भाऊसाहेब आमचे कॉन्ट्रॅक्टर. पांढरा लेंगा-सदरा आणि काँक्रीट मिक्सरसारखा आवाज. खोदकामाच्या बायांवर मुकादम होती ताराबाई, निफाडकडची. तिच्यापुढे मात्र भाऊसाहेबांचाही आवाज खाली यायचा. आणि जमिनीतून काही जुनं निघालं की यायचे पुरातत्त्व खात्याचे सातपुते साहेब. ही तीन माणसं मला भेटली नसती तर मी नुसताच खड्डे खणत राहिलो असतो.

*

पंचवटीतल्या एका बोळात ड्रेनेजची लाइन टाकत होतो. पहार एकदम 'बद्द' वाजली. माती बाजूला केली तर मोठा रांजण, तोंड मातीने लिंपून बंद केलेलं.

झालं! "धन निघालं, धन निघालं!" बोळ माणसांनी भरला. भाजीवाल्या गाडे सोडून आल्या. एक गुरुजी पूजा अर्धी टाकून सोवळ्यातच धावत आले, मागोमाग त्यांचे यजमान!

समोरासमोरच्या दोन घरांत तिथल्या तिथे जुंपली.

"रांजणाचं तोंड आमच्या दाराकडे आहे, म्हणजे आमचा!"

"पण बूड आमच्या भिंतीखाली आहे त्याचं काय?"

शेवटी भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या देखत तोंड फोडायला लावलं. आत काठोकाठ भिजवून ठेवलेला चुना! कुणीतरी कधीकाळी घर बांधायला मुरत ठेवला असेल आणि विसरला असेल.

भाऊसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एवढ्या लोकांना एकदम चुना लागलेला मी आजच बघतोय!"

गुरुजी आणि यजमान परत पूजेला गेले. आणि दोन्ही घरांतून आम्हाला चहा आला.

*

सातपुते साहेबांची आणि आमची ओळख झाली ती एका शाळेच्या पायात.

गावाबाहेर खणत होतो. खाली विटांची भिंत लागली. विटा कसल्या, उशाच त्या, एवढ्या मोठ्या! बातमी फुटली तशी धंद्यातले एक मित्र भाऊसाहेबांना भेटायला आले. "फोडा आणि भरावात टाका. वर कळवलंत तर काम बंद पडेल, बसाल बोंबलत."

भाऊसाहेब त्या भिंतीपाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, "उद्या माझी भिंत कुणी अशीच न बघता फोडली तर मला कसं वाटेल रे?" आणि स्वतः जाऊन खात्याला सांगून आले.

एसटीतून सातपुते साहेब उतरले. हडकुळे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत ब्रश. खड्ड्यात गुडघे टेकून त्यांनी झाडायला सुरुवात केली.

भाऊसाहेबांनी विचारलं, "साहेब, काम किती दिवस बंद?"

"ते विटा सांगतील."

विटा काही लवकर बोलेनात! वर आभाळ भरून यायला लागलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि आमची सगळी पोती ताडपत्रीखाली पडलेली. शेवटी भाऊसाहेबांनी हात जोडले. "साहेब, जरा लवकर. भिजलं तर माझ्या सिमेंटचा दगड होईल, आणि मग तोही तुमच्याच खात्यात जमा करावा लागेल!"

सातपुते साहेब खळखळून हसले. ब्रश खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि आमच्याबरोबर पोती उचलून शेडमध्ये लावली. पुढे खात्यात भांडून त्यांनीच तोडगा काढला. शाळा थोडी बाजूला सरकली आणि ती भिंत पोरांना बघायला उघडी राहिली.

*

चांदवडजवळ रस्ता रुंद करायचं काम होतं. कडेला एक कोरीव दगड निघाला. साहेबांना निरोप धाडला. ते येईपर्यंत दगडाला शेंदूर लागला, हार पडला, नारळ फुटले, वर चार बांबूंचा मांडवसुद्धा उभा राहिला!

साहेब पिशवी घेऊन पुढे झाले. एक म्हातारी आडवी आली. "आधी वहाणा काढ बाबा."

साहेबांनी वहाणा काढल्या. नारळ मागवून फोडला, नमस्कार केला. मग तिलाच विचारलं, "आजी, आता देवाची थोडी माहिती घेऊ का?"

"घे की."

साहेबांनी हलक्या हाताने शेंदूर पुसला आणि गावाला गोळा करून दगड वाचून दाखवला. "हा वीरगळ. हे बघा, खाली गाई आहेत. चोर त्यांना पळवत होते आणि हा माणूस आडवा गेला. त्यात मेला. मधे त्याला स्वर्गात नेतायत, आणि वर तो महादेवापुढे बसलाय."

म्हातारीने पदर डोळ्याला लावला. "म्हंजी आपल्याच गावाच्या गाईंपायी मेला. मंग तर ह्याला हलवू द्यायचा नाय!"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही भाऊसाहेबांकडे, भाऊसाहेबांनी रस्त्याच्या सरकारी इंजिनिअरांकडे. मोठमोठ्या साहेबांच्या पाया पडून झालं, आणि रस्त्याने तिथे हलकासा वळसा घेतला.

अजून तिथून जाताना ड्रायव्हर म्हणतात, "कुणी आखला असला वाकडा रस्ता!" मी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघतो आणि मनातल्या मनात हात जोडतो.

*

गोदावरीकाठी पंपहाउसचं खोदकाम चाललं होतं. वाळू-गोट्यांच्या थरात मांडीएवढी जाड, दगडासारखी जड वस्तू लागली. हां हां म्हणता गावभर झालं, "शूर्पणखेचा दात सापडला!" नाशकात दुसरं कोण आठवणार?

सातपुते साहेबांनी दात मांडीवर घेतला, फिरवून फिरवून बघितला. "शूर्पणखा नाही हो. हत्तीचा आहे. पण इतका जुना, की तेव्हा इथे आपण कुणीच नव्हतो." त्यांनी तो प्रत्येकाच्या हातात दिला, बायांच्यासुद्धा. एवढी जुनी वस्तू मी आयुष्यात पुन्हा हातात धरली नाही.

बघायला आलेल्या मंडळींचा मात्र हिरमोड झाला. ताराबाईने त्यांना वाटेला लावलं. "दात घेऊन काय करता? नाशकात नाक सापडलं तर सांगा, लगेच मानीन!"

*

आणि हे वसतिगृहाचं.

काळी जमीन, खोल पाया. ताराबाईच्या बाया खाली माती भरत होत्या. तळाशी एका मडक्याचा काठ दिसला. साहेब शहरातच होते, ते लगेच आले. खाली उतरले, काठाचा एक तुकडा घेऊन वर आले आणि म्हणाले, "सगळ्यांना वर घ्या. मी सांगेपर्यंत खाली कुणी उतरायचं नाही."

भाऊसाहेबांचा मिक्सर सुरू झाला. "एका मडक्यापायी, साहेब? स्लॅबची तारीख डोक्यावर आलीय!"

"जुनं असलं तर पायाखाली तुडवलं जाईल. वर घ्या."

बायाही कुरकुरत वर आल्या. लिंबाखाली बसून त्यांनी भाकऱ्या सोडल्या.

पहिला घास तोंडात जातोय तोच धप्पकन आवाज झाला. धूळ उठली. बघतो तर खड्ड्याची एक अख्खी बाजू खाली बसलेली. घमेली, फावडी, शिडी, काही म्हणता काही दिसेना.

ताराबाई एकेकीला नावाने हाक मारत सुटली. "ओ" आली तरी तिचा विश्वास बसेना. जवळ जाऊन प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवत होती. भाऊसाहेब मातीतच बसले.

सातपुते साहेब मात्र नळाखाली तो तुकडा धूत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी तो उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा पडला. भाऊसाहेबांसमोर येऊन ते खाली मान घालून उभे राहिले.

"भाऊसाहेब, माफ करा. हे जुनं नाही. अलीकडचंच, कुणाच्या तरी घरचं फुटकं मडकं. तुमचं काम मी उगाच थांबवलं. माझी चूक झाली."

ताराबाईने त्यांच्या हातातला तुकडा काढून घेतला, पदरात बांधला आणि म्हणाली, "साहेब, अशीच चूक करत जा!"