फळ्यावरचे नऊ हजार

रिठदच्या रस्त्यावर सुखदेवदादा चालता चालता कोसळले आणि जागीच गेले, हे सांगायला आमचा शिपाई सोमवारी सकाळी सायकलवर दारात आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती पावलं चालले होते?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "बाई, साहेबाले पानी द्या." चुलतभाऊ गेल्याच्या धक्क्यानं माझं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं. डोकं ठिकाणावर होतं... भीतीनं गार पडलो होतो, एवढंच.

दादा आमच्या मोजणी कचेरीत हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. दुसऱ्यांची शेतं आम्ही नकाशावर बोटानं पालथी घालायचो, पण चहासाठी कोपऱ्यावर जायचं तर शिपायाला पाठवायचो. गेल्या हिवाळ्यात आमच्यातला एक जण टेबलावर डोकं टेकून बसला तो तसाच गेला. त्यानंतर दादा आम्हा सगळ्यांच्या पोटांकडे पाहून उसासे टाकू लागले. माझ्या पोटाकडे जरा जास्त, कारण ते होतंही जास्त. शेवटी त्यांनी मेहुण्याकरवी मुंबईहून पावलं मोजायचं यंत्र मागवलं. खिशातल्या घड्याळाएवढं. कमरेला अडकवायचं, पाऊल पडलं की आत टिक् व्हायचं. यंत्र एक, माणसं सहा, म्हणून प्रत्येकाला एकेक वार दिला. दुसऱ्या दिवशी दादा ज्याचा त्याचा आकडा खडूनं फळ्यावर लिहायचे.

त्यांचा सोमवार, माझा मंगळवार. पहिल्या मंगळवारी माझी अकराशे पावलं भरली. "अकराशे?" दादा म्हणाले, "लेका, एवढी तं अंड्यावर बसलेली कोंबडीबी चालते!" अख्खी कचेरी हसली. पुढच्या मंगळवारी मी तोड काढली. लग्नसराई होती, बायको दिवसभर शिलाई मशीन चालवत होती. मी यंत्र तिच्या घोट्याला बांधलं. "हे काय करून राह्यले?" तिनं विचारलं. "तू शिव," म्हणालो, आणि कमरेला यंत्र नाही हे दिसू नये म्हणून सदरा बाहेर सोडून कचेरीत जाऊन बसलो. संध्याकाळी पाहतो तर नऊ हजार! दादांनी तो आकडा फळ्यावर हातभर मोठा लिहिला आणि त्याला चौकट काढली. "पाहा, हा आपला बाप्पू चालून राह्यला, अन् आपुन बसलो!"

त्यानंतर त्यांचे सोमवार वाढू लागले. चार हजार, सहा हजार, साडेसात. उन्हं तापत होती, कचेरीत येताना त्यांचा चेहरा लाल असायचा. खरं सांगून टाकू, असं मी दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला हसं होण्याच्या भीतीनं गप्प बसायचो... मग तो सोमवार आला.

पंधरा दिवसांनी वहिनींकडे गेलो. त्या दादांचे सदरे घडी घालत होत्या. म्हणालो, "वहिनी, माझी पावलं खोटी होती."

"मशीनची होती," त्या म्हणाल्या. "त्याइले मालूम होतं. तुमच्या दारावरून जाताना पाह्यलं त्याइनं."

"मंग बोलले काहून नाही?"

"म्हनत, चारचौघात बोललो तं तो हसण्यावारी नेईन. मोठ्ठा लिहून ठेवतो, पाहून पाहून एक दिवस लाजंन अन् चालाले लागंन."

"मंग ते स्वतः एवढं कायले चालत...?"

वहिनींनी हातातल्या सदऱ्याची घडी सरळ केली. "डॉक्टरनं चालाले सांगतलं होतं, भाऊजी. किती, ते नोतं सांगतलं."

उठून आलो. दादा गेले ते माझ्यामुळे की माझ्याशिवायही गेले असते, हे मला कधीच कळणार नाही.

फळ्यावरचं बाकीचं सारं आता पुसलं गेलंय. चौकटीतला आकडा तेवढा राहिलाय. दादांच्या हातचं उरलं ते नेमकं माझं खोटं. शिपाई फडकं घेऊन विचारतो, "पुसू का, साहेब?" मी म्हणतो, थांब. नऊ हजार खरे होतील त्या दिवशी मीच पुसीन. रोज सकाळी यंत्र कमरेला अडकवून रिठदच्या त्याच रस्त्याला लागतो. काल चार हजारांवरच छाती धडधडायला लागली. पुलाच्या कठड्यावर बसलो. घाम पुसला. यंत्र टिकटिकत नव्हतं, एकटी छातीच काय ती आवाज करत होती... बराच वेळ उठायचं धाडस झालं नाही. मग उठलो, आणि सावकाश पुढे निघालो.