गल्लीत मावणारी शहरं

माझ्या भाचीला स्वीडनमधल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गंगापूरहून जीपनं तडक माझ्याकडे शहरात आला. पोरगी माझ्याकडेच राहून शिकली, आता शेंद्र्याला कारखान्यात इंजिनीअर आहे. चपला काढता काढताच तो म्हणाला, "आक्का, पोरगं खोटं बोलतंय."

"काय झालं?"

"म्हणलं, मी अमक्या लेनमधी राहतो. आन् त्याच लेनमधी म्हणे तीन-चार शहरं हायेत. गल्लीत शहर मावतं व्हय? मंग म्हणलं, घर एका कोमूनमधी आन् नोकरी दुसऱ्या कोमूनमधी. हे कोमून काय असतं? आश्रम?"

मला हसू आलं, पण उत्तर माहीत नव्हतं. आमच्या आजोबांच्या तोंडी निजामाच्या वेळचा 'सुभा' असायचा, तोही मला कधी नीट कळला नव्हता. रविवारी व्हिडिओ कॉल ठरला.

मुलगा शांतपणे समजावत होता. "काका, इकडं लेन म्हणजे जिल्हा. कोमून म्हणजे नगरपालिका समजा, पण आसपासची गावं, शेतं, जंगलंसुद्धा तिच्यातच."

"आन् तालुका?"

"तालुका नसतो इकडं."

"तालुका नाय, तर सातबारा कुठं काढतेत?"

तेवढ्यात मुलाच्या शेजारी बसलेली त्याची आई, जी पुण्याहून तिकडं गेली होती, म्हणाली, "आमचीही एक शंका आहे. मुलीच्या पासपोर्टवर औरंगाबाद आणि आधारवर संभाजीनगर. नक्की कुठली म्हणायची?"

भावाचा चेहरा उतरला. "जिल्ह्याचं नाव बदललं, ताई. पोरगी तीच हाय."

म्हणजे तेही आमच्यावर संशय घेऊन बसले होते! दोन्हीकडचे हसले आणि भाऊ एकदम निवळला. मला खुणेनंच म्हणाला, जमलं. पण भाची हसली नव्हती. तिनं मुलाला विचारलं, "नोकरीच्या कोमूनमध्येच घर का नाही घेतलं? रोज एवढा प्रवास कशाला?"

मुलानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिकडं घरं मिळत नाहीत, बाळा."

"मी त्यांना विचारलं," भाची म्हणाली.

तो पुन्हा आईकडेच बघू लागला. मग आईनं जेवणाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं भाचीला फोन केला. त्याला पाच वर्षांची मुलगी होती. लग्न तिकडंच झालं होतं आणि मोडलंही होतं. लेक तिच्या आईजवळ राहायची, तिच्या शाळेच्या जवळ राहता यावं म्हणून हा त्या कोमूनमध्ये होता.

भाचीनं नकार कळवला. मी म्हटलं, "बापाची माया आहे गं त्याला."

"आहे ना, आत्या. लेक आहे हे आधी सांगितलं असतं, तर मी विचार केला असता. आईला पुढं करून गप्प बसला, ते मला नाही चालणार." पुढचे चार दिवस ती कामावरून आली की सरळ खोलीत जाऊन पडायची.

भाऊ मात्र सांगत सुटला, "मी पहिल्या दिवशीच वळखलं होतं!" लेन आणि कोमून दोन्ही खरीच होती, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

नंतर गंगापूरजवळच्याच लासूर स्टेशन गावचं एक स्थळ आलं. फोनवर काहीच न बोलता भाऊ सकाळी एसटीत बसला आणि मुलाचं घर, गोठा, शेजारीपाजारी सगळं डोळ्यांनी बघून संध्याकाळी परत आला.